मुल्हेरला तीन दिवस: साल्हेरच्या आधी मोसमचं खोरं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीनंतर तीन दिवसांची सुट्टी आहे. नाशिकहून सहा जण निघणार, त्यात सहासष्ट वर्षांच्या आई आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं. मुल्हेरला ओळखीच्यांकडे राहायची सोय झाली आहे. साल्हेरचा किल्ला जागतिक वारसा यादीत आल्यापासून तो करायचाच असं घरात ठरलंय, पण साल्हेरशिवाय तिकडे बघण्यासारखं काही आहे का, की एका दिवसात साल्हेर उरकून सापुताऱ्याला जावं?

मी पंचवीसएक वर्षं त्या भागात माणसं घेऊन जातो. पहिलं सांगतो ते हे, की सापुतारा डोक्यातून काढा. तिथे बोटी आहेत, रोपवे आहे, मक्याची कणसं आहेत, आणि ते सगळं पुढच्या वर्षीही असेल. तीन दिवस मुल्हेरलाच राहा. आणि साल्हेर हा त्या तीन दिवसांचा एक भाग समजा, सगळी सहल त्याच्या नावावर लिहू नका. साल्हेर करून आलेले शेकडो जण मला भेटतात. खाली मोसम नदी वाहते हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. पहाटे गाडीतून उतरले, वर गेले, झेंड्यासोबत फोटो काढला, रात्री परत. त्यांनी डोंगर पाहिला, मुलूख पाहिला नाही.

आधी नकाशा डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बागलाणच्या, म्हणजे सटाणा तालुक्याच्या, पश्चिमेला सह्याद्रीच्या दोन रांगा जवळजवळ समांतर अशा पूर्वेकडे निघतात. उत्तरेची सेलबारी, दक्षिणेची डोलबारी. सेलबारीवर मांगी-तुंगी, तांबोळ्या, न्हावीगड. डोलबारीवर साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड. या दोघींच्या मधल्या पन्हळीतून मोसम वाहते, आणि त्या पन्हळीत मुल्हेर गाव बसलंय. मोसम पुढे ताहराबाद, नामपूर करत मालेगावला गिरणेला मिळते. म्हणजे गावाच्या चौकात उभं राहिलात तर उत्तरेला मांगी-तुंगीचे दोन सुळके आणि दक्षिणेला मुल्हेरचा किल्ला. एवढ्या जवळ, एवढ्या उंच, दोन्ही बाजूंना भिंती असलेलं खोरं आपल्या जिल्ह्यात दुसरं नाही, असं माझं मत आहे. इगतपुरीवाले भांडतील, भांडोत.

जायचा रस्ता: आग्रा रोडने सोग्रस फाटा, तिथून देवळा, सटाणा, ताहराबाद, मुल्हेर. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात साडेतीन धरा, कारण देवळ्यानंतर कांद्याचे ट्रॅक्टर पुढे असतात आणि त्यांना घाई नसते. पेट्रोल आणि रोख पैसे सटाण्यालाच घ्या. पुढे मोबाइलला रेंज असेलच या भरवशावर काही ठरवू नका.

पहिल्या दिवशी सटाण्यात तासभर थांबा. देव मामलेदारांचं मंदिर बघा. देवाचं नाव आणि सरकारी हुद्दा असा एकत्र आलेला दुसरा कुठे सापडणार नाही. यशवंत महादेव भोसेकर हे इथले मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, असं इथलं प्रत्येक माणूस सांगतं. सरकारी अंमलदाराला लोकांनी देव केलं ते एवढ्यासाठी. मार्गशीर्षात त्यांची मोठी यात्रा भरते. मुलांना ही गोष्ट तिथेच, मंदिराच्या पायरीवर सांगा. घरी सांगितलेली लक्षात राहत नाही.

दुपारपर्यंत मुल्हेरला पोहोचा, जेवा, आणि मग काहीही चढू नका. उन्हं कलली की नदीकडे जा. आता मी जे सांगणार आहे ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर काही शतकं चालत आलेली पाणीवाटपाची एक रीत आहे, तिला फड पद्धत म्हणतात. नदीवर दगडी बंधारा घालायचा, तोही फार उंच नाही, पाणी अडून बाजूच्या पाटात वळेल इतकाच. एका बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन किंवा चार भाग म्हणजे फड. आता गंमत अशी की एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात खरिपाचं, तिसऱ्यात रब्बीचं, आणि दरवर्षी फेरपालट. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे माझ्या वाट्याला ऊस आणि तुझ्या वाट्याला हरभरा असा रुसवा राहत नाही, आणि पाणी देताना एकाचं पीक तहानलेलं, दुसऱ्याचं सडलेलं असंही होत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात. नियम शेतकऱ्यांनीच केलेले आणि मोडणाऱ्याला दंडही त्यांनीच करायचा. सरकार मध्ये कुठेच नाही.

विहिरी झाल्या, मोटारी आल्या, वर धरणं बांधली गेली, आणि ज्याच्या रानात पाणी त्याने स्वतःपुरतं बघायला सुरुवात केली. फड विस्कळीत झाले. डाळिंब आलं, द्राक्ष आलं. या पिकांना ठिबक लागतं, पाण्याची पाळी लागत नाही. तरी जुने बंधारे आणि पाट अजून दिसतात, काही ठिकाणी पाणीही वाहतं. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला नुसतं ‘बाबा, तुमचं थळ कोणतं?’ एवढं विचारा. माझा अनुभव सांगतो, पुढचा एक तास तुम्हाला बोलायची गरज पडत नाही. बोलणं अहिराणीत चालेल. सगळं कळणार नाही, निम्मं कळेल, आणि निम्मं पुरतं.

मुलांना पाटाच्या कडेने चालू द्या. बंधाऱ्यावर मात्र नाही. दगडावर शेवाळ असतं आणि वरून हरणबारी धरणाचं आवर्तन सुटलेलं असलं तर पाण्याला ओढ असते. हरणबारी हे मोसमवरचं धरण, गावाच्या वरच्या अंगाला. संध्याकाळी भिंतीपासून लांब उभं राहून बघायला छान आहे, उतरून पोहायला मुळीच नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका ग्रुपातला पट्टीचा पोहणारा मुलगा तिथे गाळात गुडघ्यापर्यंत रुतला होता. दोरी होती म्हणून निघाला. तेव्हापासून मी धरणावर नेताना पोहण्याचे कपडे गाडीतच ठेवायला सांगतो.

रात्रीचं जेवण घरचंच घ्या. नागलीची किंवा बाजरीची भाकरी, उडदाचं वरण, ठेचा. शेवभाजी हॉटेलात कुठेही मिळेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत आला असतात तर खापरावरचे मांडे आणि आमरस मिळाला असता. दिवाळीनंतर तो योग नाही.

आता साल्हेर. तो दुसऱ्या दिवशी करा, तिसऱ्या नको. कारण सोपं आहे. साल्हेर उतरून आलेला माणूस संध्याकाळी गाडी चालवण्याच्या लायकीचा नसतो. एका वर्षी मी तो हट्ट केला होता. देवळ्याच्या अलीकडे दिवे नसलेल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून आमची गाडी हातभर अंतरावर थांबली. पुढची वीस मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून शेवटच्या दिवशी मोठी चढाई नाही, हा नियम.

आणि सहाही जण साल्हेरला जाणार नाही आहात, हेही आत्ताच ठरवा. आई नाही. मुलांपैकी ज्याला रोज थोडंफार चालायची सवय आहे तो येऊ शकेल, पण दोन मोठी माणसं फक्त मुलाकडे बघायला हवीत. साल्हेर 1567 मीटर उंच आहे. महाराष्ट्रात याहून उंच फक्त कळसूबाईचं शिखर, आणि किल्ल्यांत तर हाच सर्वांत उंच. वाट अवघड म्हणता येणार नाही, दोरबीर लागत नाही. पण ती लांब आहे, आणि दम काढते.

वाटा मुख्य दोन. एक वाघांबे गावातून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत चढते आणि तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी, एकामागून एक दरवाजांतून वर जाते. दुसरी साल्हेर गावातून, माचीवरून, थोडी सावकाश. मी नेहमी वाघांब्याकडून चढवतो आणि साल्हेर गावात उतरवतो. चढताना कोरीव पायऱ्यांवर तोंड डोंगराकडे असतं, पाय नीट पडतात. उतरताना त्याच पायऱ्या गुडघे मागतात. गाडी साल्हेर गावाकडे आणून ठेवायची व्यवस्था आदल्या रात्री करा. मुल्हेरहून पहाटे पाचला निघा, उजाडायच्या सुमाराला चढायला लागा. वाघांब्यातून एखादा माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला ठरल्यापेक्षा थोडं जास्तच द्या. दिवाळीनंतर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात गुरवाट कोणती, गडवाट कोणती हे नवख्याला कळत नाही.

वर गेल्यावर लोक आधी शिखराकडे पळतात. तुम्ही आधी पठारावर थांबा. तिथे गंगासागर तलाव आहे, रेणुकेचं मंदिर आहे, आणि कातळात खोदलेल्या गुहांची रांग आहे. गुहेत पाठ टेकून बसा, पाणी प्या, मग परशुरामाच्या देवळाकडे शेवटची चढण चढा. परशुरामाने सगळी पृथ्वी दान करून टाकली, आता स्वतःला राहायला जागा हवी म्हणून इथून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केलं, अशी कथा. स्वच्छ दिवशी पश्चिमेला गुजरातेतल्या डांगच्या जंगलाची निळसर घडी दिसते. तिकडे बघत ही कथा ऐकली की खोटी वाटत नाही.

लढाईचं मात्र वर बसून खाली बघत सांगा. जानेवारी 1671 मध्ये साल्हेर शिवाजी महाराजांकडे आला. मोगलांनी वेढा घातला, आणि 1672 च्या सुरुवातीला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले. मराठ्यांनी मोगलांची मोठी फौज समोरासमोर, उघड्या मैदानात मोडली, गडाच्या आडोशाने किंवा छापा घालून नव्हे. या लढाईचं महत्त्व त्यात आहे. बखरीत लिहिलंय की धुरळा असा उडाला की तीन कोसांच्या आवारात आपला कोण, परका कोण हे दिसेना. सूर्यराव काकडे इथेच जंबुरक्याचा, म्हणजे छोट्या तोफेचा, गोळा लागून पडले. पायथ्याला त्यांची समाधी दाखवतात. उतरताना तिथे दोन मिनिटं थांबा. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले, त्यात नाशिक जिल्ह्यातला हा एकटा. त्यामुळे हल्ली रविवारी गर्दी असते. तुमचा दुसरा दिवस रविवारी येत असेल तर सहलच एक दिवस मागेपुढे करा.

पाणी माणशी तीन लिटर. वर टाकी आहेत, पाणी असतं, पण ते गाळून-उकळून प्यायचं. अंगावर अत्तर, स्प्रे असलं काही नको आणि कातळाखाली चूल तर अजिबात नको. आग्या मोहोळं आहेत. ती चिडली तर पळायला जागा नसते. सालोटा त्याच दिवशी करायचा मोह होईल, समोरच दिसतो. करू नका. त्याच्या पायऱ्या उंच आणि तुटक आहेत आणि तुमच्याबरोबर पोर आहे.

त्या दिवशी आई आणि उरलेलं मूल काय करणार? त्यांना मांगी-तुंगीला पाठवा, पायथ्याचं भिलवाड गाव मुल्हेरपासून लांब नाही. दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र. सुळक्यांपर्यंत साडेतीन हजारांच्या घरात पायऱ्या आहेत, त्या आईंनी चढायच्या नाहीत. पण डोंगराच्या अंगावर ऋषभदेवांची अखंड पाषाणातली 108 फुटांची मूर्ती कोरली आहे, 2016 मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. तिच्यापर्यंत वाहनाने जाता येतं. मूर्ती खालूनही दिसते, पण तिची बोटं केवढी आहेत ते जवळ गेल्यावर कळतं. वरच्या लेण्यांत बलभद्रांची, म्हणजे कृष्णाच्या थोरल्या भावाची, एक मूर्ती आहे, ती भक्तांकडे पाठ करून बसलेली. कृष्णाच्या मृत्यूनंतर जगाकडे पाठ फिरवली, असं सांगतात. ती बघायला कुणी धडधाकट माणूस सोबत असेल तर मुलाला वर पाठवा, आई पायथ्याच्या धर्मशाळेच्या ओट्यावर निवांत बसतील. यात्रेकरूंची जागा आहे, कांदा-लसूण घातलेला डबा तिथे उघडू नका.

तिसरा दिवस मुल्हेरच्या किल्ल्याचा, आणि मला विचाराल तर खरा दिवस हाच. साल्हेरला उंची आहे, मुल्हेरला संसार होता. हा राजधानीचा किल्ला. बागुल राजांनी इथून राज्य केलं, त्यांच्याच नावावरून हा मुलूख बागलाण. गावाचं जुनं नाव मयूरगिरी. 1596 मध्ये रुद्र कवीने या घराण्यावर संस्कृत महाकाव्य रचलं ते याच दरबारात. सुरतेहून दख्खनेत माल जायचा तो याच खोऱ्यांतून, त्यामुळे राज्य लहान असून पैसा खेळता होता. मुल्हेरच्या टांकसाळीत महमुदी नावाचं चांदीचं नाणं पडायचं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना 1638 मध्ये त्याने बागलाण जिंकलं आणि ते राज्य संपलं. पुढे साल्हेरच्या पाठोपाठ मुल्हेरही महाराजांकडे आला. हे सगळं वर जाताना सांगायची गरज नाही. वर गेलं की आपोआप प्रश्न पडतात, तेव्हा सांगा.

मुल्हेरवाडीपर्यंत गाडी जाते. तिथून माचीवर चढायला मुलांच्या चालीने दीड तास. तेवढं आईंनाही जमू शकेल. उन्हाच्या आधी निघायचं, काठी घ्यायची, आणि नाही जमलं तर पहिल्या दरवाजाच्या सावलीत बसून राहायचं, त्यात कमीपणा नाही. माचीवर पहिल्यांदा लागतं ते गणेश मंदिर, पुढ्यात तलाव. सकाळी वारा नसताना मंदिराच्या कमानी पाण्यात उलट्या दिसतात. सगळे इथेच अर्धा तास घालवतात, तुम्हीही घालवा.

इथून वाटा फुटतात आणि गोंधळ इथेच होतो. एक वाट सोमेश्वराच्या मंदिराकडे, बाकीच्या बालेकिल्ल्याकडे, एक मोऱ्याच्या बाजूने आणि एक हरगडाच्या बाजूने. मी नवीन होतो तेव्हा ऑक्टोबरच्या गवतात सोमेश्वर शोधता शोधता दोन तास हरगडाच्या अंगाला भरकटलो होतो. शेवटी शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं, ‘कथा चालनात, भाऊ?’ म्हणजे कुठे निघालात, आणि माझं उत्तर ऐकून ती इतकी हसली की शेळ्या थांबल्या. तिनेच हाताला धरल्यासारखं देवळाच्या दारात नेऊन सोडलं. देऊळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

सोमेश्वराचा गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. आत गारवा, अंधार, बाहेर झाडी. राजवाड्याचे अवशेष याच माचीवर, जोती आणि ढासळलेल्या भिंती. आणि मोती टाकं. हे टाकं मी कधी कोरडं पाहिलेलं नाही. मुलांना इथे एक गोष्ट दाखवा. आपला हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे, एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसा. काही थर सच्छिद्र, त्यांच्यातून पावसाचं पाणी झिरपतं. काही घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटात पाझरतं. गड बांधणाऱ्यांनी टाकी नेमकी त्या पाझराखाली खोदली. कड्यावर लाल पट्टा कुठे दिसतो ते मुलांना शोधायला लावा, आणि मग त्याच्या आसपास टाकं आहे का ते बघायला सांगा. दर वेळी जुळेल असं नाही. जुळलं की पोरं नाचतात, माझा अनुभव आहे.

मला खोऱ्याचं वेड लागलं ते हे लक्षात आल्यावर. वर कातळातलं टाकं आणि खाली नदीवरचा बंधारा, दोन्ही एकाच तऱ्हेने विचार करणाऱ्या माणसांनी केलेली कामं आहेत. चार महिने पडणारं पाणी बारा महिने कसं पुरवायचं, एवढाच प्रश्न. वरच्यांनी दगड खोदला, खालच्यांनी पाळी ठरवली. मुल्हेरला गेल्यावर पहिल्या संध्याकाळी नदी दाखवायचा माझा आग्रह त्यासाठी. आधी पाट पाहिलेला असला की टाक्याकडे बघायची नजर बदलते.

बालेकिल्ल्यावर जायचं असेल तर धडधाकटांनी आणखी तासभराची चढण धरावी. वर सलग खोदलेली नऊ टाकी, भडंगनाथाचं मंदिर, आणि पूर्वेला मोरा किल्ला. मोऱ्याला जायला वेळ उरणार नाही, हरगडाला तर नाहीच. हरगडावर एक मोठी बांगडी तोफ, म्हणजे लोखंडी कडी जोडून केलेली, गवतात पडलेली आहे, ती पुढच्या वेळेसाठी ठेवा. बारापर्यंत खाली या, गावात संत उद्धव महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्या, जेवा आणि दोनला नाशिकची वाट धरा. उजेडात घरी.

समाधी मंदिरात गेलात की तिथल्या माणसांना रासक्रीडेबद्दल विचारा. कोजागरीच्या रात्री मुल्हेरला केळीच्या पानांनी आणि फुलांनी सजवलेलं प्रचंड चक्र उंच चढवतात, त्याखाली कृष्ण आणि गोपींच्या वेशातली मुलं, आणि रात्रभर, उजाडेपर्यंत पदं. तुमच्या तारखांना ते होऊन गेलेलं असेल. मी नाशिकच्या लोकांना दरवर्षी सांगतो की कोजागरीला गच्चीवर मसाला दूध पिण्यापेक्षा एकदा मुल्हेरला जा. फारसं कुणी ऐकत नाही, त्यामुळे तिथे बसायला अजून जागा मिळते.

सुट्टी थोडी पुढे ढकलून मार्गशीर्षात जाणार असाल तर वेगळीच गोष्ट बघायला मिळेल. त्या दिवसांत कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत घेतलेली माणसं, त्यांना माऊली म्हणतात, अनवाणी राहतात, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर रात्ररात्र फेर धरतात, आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावरच्या देवाच्या ठिकाणी जातात. हा कार्यक्रम तुमच्यासाठी ठेवलेला नाही, हे लक्षात ठेवून जा. मोबाइल खिशात ठेवा, चपला काढायच्या जागी काढा, कुणी बोलावलं तर बसा. वारली नाच, लावणी आणि डोंगऱ्या देव एकाच पाकिटात दाखवणारे आयोजक हल्ली फार झालेत. त्यांच्या नादाला लागू नका.

वेळ उरलाच तर परतीच्या वाटेवर देवळाण्याचं जोगेश्वर मंदिर आहे. शिल्पं उत्तम, त्यांतली काही शृंगारिक आहेत, मुलं प्रश्न विचारतील याची तयारी ठेवा. अंतापूरचा दावल मलिकचा दर्गा वाटेवरच आहे, तिथे हिंदू-मुसलमान दोघंही नवसाला येतात. या दोन्हींपैकी एकच निवडा.

सामानाचं थोडक्यात: पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण गवताला कुसळं असतात आणि मोज्यांत घुसली की दिवसभर टोचतात. नोव्हेंबरात पहाटे चांगली थंडी असते, स्वेटर हवा. प्रत्येकाला स्वतंत्र बॅटरी, मोबाइलचा दिवा चालणार नाही. आईंची औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेवा, एक गाडीत, एक त्यांच्याजवळ. मोठा दवाखाना म्हटलं की सटाणा, तेवढं अंतर धरून चाला.

आणि येताना डाळिंबं घ्या, पण रस्त्यावरच्या ढिगातून नको. ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांना बागेत न्यायला सांगा. बागलाणात आता निम्मी बोलणी तेल्या रोगावरच असतात. डाळिंबावर काळपट तेलकट डाग पडून फळ फुटतं, आणि त्यापायी कित्येकांनी बागा उपटून द्राक्षं लावली. इथली द्राक्षं अर्ली छाटणीची, बाकी नाशिकच्या आधी बाजारात येतात. बागवानाला त्याबद्दल विचारलंत तर तो आधी भावाला शिव्या घालेल, मग पावसाला, आणि शेवटी एक फळ फोडून तुमच्या हातात देईल. पैसे घेणार नाही. मग किलोभर विकत घ्या, आणि वजन करताना काट्याकडे बघू नका.

तारखा पक्क्या झाल्या की कळवा. वाघांब्यात आधी निरोप गेलेला बरा. दिवाळीनंतर तिथली माणसं कांदा लागवडीत असतात, आयत्या वेळी वाटाड्या मिळत नाही.